व्हिट्नी ह्यूस्टनचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे मूळ गाण्यापेक्षा एवढं का गाजलं?

तुमचा प्रश्न असा, की गाणं अमेरिकन गायिका डॉली पार्टनचं, मग जगाला ते व्हिट्नीचंच का वाटतं? मी हौशी कीबोर्डवाला. वसईकडच्या लग्नांत या गाण्याची फर्माईश ठरलेली. समोर नवरा-नवरी हातात हात घालून, आणि आम्ही वाजवतोय निरोपाचं गाणं! कुणाला काही खटकत नाही.

खरं तर ते प्रियकराला उद्देशूनही नाही. कंट्री गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही शोमधून बाहेर पडताना डॉलीने त्याच्यासाठी ते लिहिलं. म्हणजे राजीनामाच, फक्त चालीत बसवलेला. १९७४ मध्ये कंट्री संगीताच्या यादीत ते पहिलं आलं होतं, तेव्हा मूळ गाणं पडलं वगैरे अजिबात नव्हतं.

१९९२ च्या 'द बॉडीगार्ड' या व्हिट्नीच्या सिनेमासाठी आधी दुसरंच गाणं ठरलं होतं, पण ते नुकतंच दुसऱ्या एका सिनेमात येऊन गेलं. मग सिनेमाचा हिरो केव्हिन कॉस्टनरने हे सुचवलं, आणि सुरुवात वाद्यांशिवाय हवी असा हट्टही त्याचाच. जवळपास पाऊण मिनिट नुसता गळा! रेडिओवर हे चालेल का, अशी धाकधूक होती म्हणे.

पण माझ्या मते खरी गंमत तिसऱ्या कडव्यात आहे. व्हिट्नीच्या गाण्याचा निर्माता डेव्हिड फॉस्टरसमोर गायिका लिंडा रॉन्स्टॅटची आवृत्ती होती आणि तिच्यात हे कडवं नव्हतंच. ते आहे, हे त्याला डॉलीने फोनवर सांगितलं. डॉली ते गात नाही, नुसतं बोलते. व्हिट्नी ते हळू, जवळजवळ पुटपुटत गाते, मग थांबते. शांतता. ड्रमचा एकच ठोका, आणि गाण्याची पट्टी पांढरी सहावरून (A) थेट पांढरी सातवर (B), म्हणजे एक पूर्ण स्वर वर. लोकांच्या लक्षात राहिलंय ते हेच. नुसती उंच पट्टी कुणीही लावेल, आधी एवढं आवरून धरणं अवघड.

पुढे अमेरिकेतल्या बिलबोर्ड या गाण्यांच्या यादीत १४ आठवडे पहिला नंबर, १९९४ मध्ये ग्रॅमी. आणि डॉलीचं नुकसान? छे! एल्विस प्रेस्लीलाही हे गाणं गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने निम्मे हक्क मागितले आणि तिने नाही म्हटलं. त्यामुळे व्हिट्नीच्या वेळी गीतकाराची रॉयल्टी तिच्याकडेच गेली.

घरी मी डॉलीचंच लावतो. लग्नात मात्र व्हिट्नी. आमचा ड्रमर अजूनही तो ठोका अर्धा सेकंद आधी मारतो.