मांडव सोडू नकोस

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

पणजीत शूटिंगला नट म्हणून गेलास आणि कॅमेरावाल्याच्या हाताखाली दिलं, म्हणून रुसून फोंड्याला परत आलास असं कळलं. जत्रेच्या नाटकातली तुझी कामं मी पाहिलीत. नट आहेस, त्यात वाद नाही. पण नटानं मांडव सोडायचा नसतो रे, आणि तू सोडलास.

अण्णा साळुंके माहीत आहेत? नसणारच. मुंबईत ग्रँट रोडच्या हॉटेलात कामाला होते. दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना. जाहिराती झाल्या, कोठ्यांवर विचारून झालं. शेवटी साळुंक्यांना लुगडं नेसवलं. ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३. पुढं १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम तेच आणि सीताही तेच! एवढं झाल्यावर हे गृहस्थ छायाचित्रण करू लागले. कॅमेऱ्यामागं, म्हणजे तुला जिथं उभं केलं तिथंच.

आणि ते काम हमालीचं समजू नकोस. मूकपटाचा कॅमेरा हातानं फिरवायचा. हात संथ पडला की पडद्यावर माणसं धावत सुटायची. म्हणजे नटाची लय कॅमेरावाल्याच्या मनगटात. ज्यानं स्वतः सीता केली, त्याला ती चाल कळणार नाही तर कुणाला? मांडव सोडला नाही, म्हणून कळली.

लोक मलाही म्हणतात, चांगला नट होता, रंगपेटी घेऊन बसला. बसलो! घसा गेला म्हणून काय घरी ओसरीवर बसायचं होतं? दाढी केलेल्या पोराच्या जबड्यावर हिरवट झाक राहते. तिच्यावर आधी तांबूस हात द्यावा लागतो, मग वरचा रंग. नाहीतर पेट्रोमॅक्सखाली द्रौपदीला दाढी दिसते. हे मला कोण शिकवणार होतं? मांडवात होतो, शिकलो. नाव पत्रिकेत खाली छापतात, छापू देत. मला त्याचं काही नाही. खरंच नाही.

तू हुशार आहेस, म्हणूनच राग येतो. त्या कॅमेरावाल्याला आजच फोन कर. माफीबिफी मागत बसू नकोस, कधी येऊ एवढंच विचार. आणि लेन्स शर्टाच्या टोकानं पुसायची नाही, हे तरी तिथं जाण्याआधी शिकून घे.