सर्बिया युरोपीय संघाच्या सध्याच्या सदस्यांपेक्षा फार मागे आहे का?

आपण विचारले आहे की 2012 मध्ये उमेदवार देशाचा दर्जा मिळूनही सर्बिया अजून युरोपीय संघाबाहेर आहे, तो विकासात मागे पडल्यामुळे का. उत्पन्नातील दरी खरी आहे. पण प्रवेश अडला आहे तो तिच्यामुळे, असे मला वाटत नाही.

क्रयशक्तीच्या हिशेबाने सर्बियाचे दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास भरते, तर संघातील तळाच्या देशांपैकी एक असलेला बल्गेरिया दोन-तृतीयांशाच्या जवळ पोहोचला आहे. मात्र 2007 मध्ये प्रवेश मिळाला तेव्हा बल्गेरियाही चाळीस टक्क्यांच्या घरातच होता, म्हणजे त्या मापाने आजचा सर्बिया सहज उत्तीर्ण झाला असता. शिवाय बल्गेरियाच्या या प्रगतीत लोकसंख्येच्या घसरणीचाही हात आहे: 1985 च्या जनगणनेत तेथे सुमारे 89 लाख लोक होते, 2021 मध्ये 65 लाख उरले. सर्बियातही, कोसोव्हो (स्वातंत्र्य जाहीर केलेला, पण सर्बियाने मान्य न केलेला प्रांत) वगळून, 2011 ते 2022 या काळात लोकसंख्या सुमारे 72 लाखांवरून 66 लाखांवर आली. तरुण माणसे देश सोडून जात असताना वाढणाऱ्या दरडोई उत्पन्नाला निखळ विकास म्हणणे मला जड जाते.

खरा प्रश्न संस्थांचा आहे. सर्बियातील नोवी साद शहराचे रेल्वे स्थानक नूतनीकरणानंतर 2024 च्या उन्हाळ्यात पुन्हा खुले झाले आणि 1 नोव्हेंबरला त्याच्या दर्शनी बाजूचा काँक्रीटचा छज्जा कोसळून अखेर 16 जणांचा बळी गेला. त्यानंतर विद्यार्थी महिनोन्‌महिने रस्त्यावर राहिले, आणि त्यांची पहिली मागणी त्या कामाची सर्व कागदपत्रे उघड करण्याची होती. दरडोई उत्पन्नाच्या तक्त्यात या मागणीला रकानाच नाही.

बल्गेरिया आणि रोमेनिया यांना न्यायव्यवस्था व भ्रष्टाचार यांबाबतच्या उणिवांसह आत घेतल्यावर संघाला त्यांच्यावर 2023 पर्यंत विशेष देखरेख ठेवावी लागली. आता प्रवेशाच्या वाटाघाटींतील न्यायव्यवस्थेची आणि मूलभूत हक्कांची प्रकरणे, म्हणजे विषयवार भाग, सर्वांत आधी उघडायची व सर्वांत शेवटी मिटवायची, असा दंडक आहे. सर्बियाशी 2014 पासून वाटाघाटी चालू असून 35 पैकी दोनच प्रकरणे तात्पुरती बंद झाली आहेत. वाटाघाटींच्या वाटेत कोसोव्होशी संबंध सुरळीत करण्याची अट आहे, आणि 2022 नंतर रशियावर निर्बंध लादण्यास बेलग्रेडने, म्हणजे सर्बियाच्या सरकारने, दिलेला नकारही आहे. या दोन्हींचा सोडवणुकीचा मार्ग अर्थखात्यातून जात नाही.