न्यू जर्सीहून डिया बीकन, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावचं आधुनिक कलेचं संग्रहालय, एका दिवसात होईल का? बायकोचे गुडघे दुखतात. शिवाय बडोद्यातले मित्र म्हणतात, रिकाम्या शेडमध्ये गंजके पत्रे ठेवलेत, बाकी काही नाही. खरं का?

एका दिवसात आरामात होतं. मित्रांचं सोडा. ते बहुतेक चारच्या सुमारास आत शिरले असतील.

वेळेवरून एवढं बोलतोय, कारण ती इमारतच उजेडावर चालते. 1929 साली नॅबिस्को बिस्किट कंपनीने खोकी छापायला बांधलेला हा कारखाना, 2003 मध्ये संग्रहालय झाला. छपराला करवतीसारखे दाते आहेत आणि त्यांच्या उभ्या काचा उत्तरेकडे तोंड करून. सगळी मिळून 34,000 चौरस फूट काच. वरच्या दालनांत मुख्य भिस्त या उजेडावर. म्हणून उघडताच आत जा, आधी वरचा मजला संपवा, आणि तळघरातलं शिल्पकार डॅन फ्लेविनचं हिरव्या ट्यूबलाइटचं काम शेवटी ठेवा. त्याला दिवस मावळला तरी फरक पडत नाही.

गाडी असेल तर गाडीनेच जा. ट्रेनने जायचं तर आधी न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, तिथून ग्रँड सेंट्रल स्टेशन, मग हडसन नदीकाठच्या हडसन लाइनने दीडेक तास. वहिनींना त्या मधल्या बदलाबदलीतच जास्त त्रास होईल. ट्रेन घेतलीच तर जाताना डावीकडे बसा, नदी त्या बाजूला आहे. तिकीट आधीच रेल्वेच्या ॲपवर काढा, डब्यात महाग पडतं. बीकन स्टेशनपासून दहाएक मिनिटांची चाल, थोडा चढ. आतली चाल मात्र त्याच्या कितीतरी पट, आणि जमीन टणक. जाड तळव्याचे बूट घाला आणि काउंटरवर व्हीलचेअरचं विचारून ठेवा.

आता ते गंजके पत्रे. शिल्पकार रिचर्ड सेराची ही कामं जुन्या रेल्वे शेडमध्ये आहेत: दोन इंच जाड पोलाद, 12-13 फूट उंच. प्रत्येक भिंतीचा तळाचा लंबगोल आणि वरच्या कडेचा लंबगोल मापाने सारखेच, पण वरचा फिरवलेला. त्यामुळे आत चालताना भिंत आधी तुमच्या अंगावर येते आणि चार पावलांनी तीच बाहेर कलते. बाहेर उभं राहून फोटो काढला तर पत्राच दिसणार, त्यात नवल काय? आत जा, सावकाश एक पूर्ण फेरी मारा. हात लावू नका. घामातल्या तेलाचे डाग गंजावर बसतात आणि निघत नाहीत. मायकेल हायझर या दुसऱ्या शिल्पकाराचे जमिनीतले चार खड्डे 20 फूट खोल आहेत. काठापर्यंत ठरलेल्या वेळी कर्मचाऱ्यासोबतच जाता येतं. चक्कर येत असेल तर लांबूनच बघा.

हे बघून परत आलात की बडोद्यात कोणीतरी म्हणेलच, "आपल्याकडेही जुन्या शेड पडून आहेत. पांढरा रंग मारा, फॉल्स सीलिंग टाका, स्पॉटलाइट लावा, झालं म्यूझियम." हे ऐकून माझे कान किटलेत. फॉल्स सीलिंग टाकलंत की उत्तरेचा उजेड गेला. उरलं ते गोडाऊन.

पण छप्पर जसंच्या तसं ठेवूनही भागत नाही. बीकन साधारण 41 अंशांवर, तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच. बडोदं 22 अंशांवर, कर्कवृत्ताच्या थोडं खाली. इथे जूनमध्ये सूर्य दिवसभर उत्तरेच्या अंगाला असतो आणि उत्तरेच्या काचेतून थेट ऊन आत येतं. तेव्हा काचेबाहेर आडोशाच्या पट्ट्या हव्यात, अतिनील किरण अडवणारी फिल्म हवी. दोन दात्यांमधली पन्हळ कबुतरांच्या घाणीने आणि कडुलिंबाच्या पाल्याने तुंबली की पहिल्याच पावसात पाणी बाहेर न जाता आतल्या भिंतीवर उतरतं. पावसाळ्याआधी एकदा साफ करून चालत नाही, पावसाळाभर माणूस वर चढवावा लागतो. त्याचा पगार बजेटमध्ये कोणी धरत नाही, उद्घाटनाच्या मांडवाचा खर्च मात्र धरतात.

आणि काय टांगायचं, हेही शेडच ठरवते. पोलादाला, दगडाला उजेडाची भीती नाही. तैलचित्राला साधारण 200 लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप), कागदाला 50, त्याहून जास्त चालत नाही. छपराच्या काचेखाली हा आकडा सहज हजारावर जातो. चित्रकार नसरीन मोहमदी 1972 पासून शेवटपर्यंत आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजात शिकवत होत्या. त्यांची पेन्सिल-शाईची कागदावरची कामं अशा छपराखाली लावायला निघालेले लोक मला माहीत आहेत. त्या कामांना आतली, बिनखिडकीची खोलीच लागते.

बाकी, डिया बीकनमधलं सगळं सगळ्यांना आवडेलच असं नाही. बऱ्याच दालनांत चित्राशेजारी पाट्या नसतात, माहितीपत्रक मागून घ्या. मांडणी बदलत असते. थंडीत लवकर बंद करतात आणि आठवड्यात काही वार बंदच असतं, तेव्हा वेबसाइट बघूनच तारीख ठरवा.