आशेला लावणारी गाणी

गेल्या अंकात ‘सध्या काय ऐकता?’ या प्रश्नाला मी ‘फिलिपिनो गाणी’ एवढंच लिहून मोकळा झालो. त्यावर पत्रं आली. त्यातली चार घेतोय. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनीअर होतो. आता दापोलीजवळ घर, थोडी कलमं आणि कानात हेडफोन.

गाण्यांसाठी फिलिपिन्सच कसं सुचलं? आणि ती कोरियन पोरांची नक्कलच ना? – एक वाचक, सांगली

सुचलं नाही हो, गळ्यात पडलं. जहाजावर आम्ही बावीस माणसं, त्यातली पंधरा फिलिपिनो. रात्रीची जेवणं आटोपली की मेसरूममध्ये कराओकेचं मशीन सुरू. गाणं संपलं की मशीन शंभरापैकी मार्क देतं. पडद्यावर तेवढा वेळ गाण्याशी काडीचा संबंध नसलेला धबधबा. आमच्या बोसनचा, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचा, आवाज डेकवर ओरडून ओरडून फाटलेला, त्याला ९७. मी शाळेत भावगीत स्पर्धेत दुसरा आलेला माणूस, मला ६८. मशीनचा हा हिशेब मला अजून उलगडलेला नाही, आणि यंत्रं उलगडण्याचाच मी पगार घेत होतो.

नकलेचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. ‘एसबी नाइंटीन’ या पाच पोरांना एका कोरियन कंपनीच्या तिथल्या शाखेनं तयार केलं. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये पहिलं गाणं आलं, फारसं कुणी विचारलं नाही. २०१९मध्ये ‘गो अप’ आलं तेव्हा ग्रुप मोडायच्या बेतात होता. तेवढ्यात त्यांच्या नाचाच्या तालमीचा व्हिडिओ एका चाहत्यानं ट्विटरवर टाकला आणि पोरं तरली. २०२३मध्ये त्यांनी स्वतःची कंपनीही काढली. त्याच वर्षीचं ‘गेन्तो’ ऐका. ‘गिन्तो’ म्हणजे सोनं, ‘गानितो’ म्हणजे असं, या दोन्ही शब्दांना एकत्र मळून केलेलं नाव. तालीम कोरियन असेल, पण शब्दांशी चाललेला चावटपणा घरचाच. ‘बिनी’ या आठ मुलींच्या ‘पान्त्रोपिको’बद्दलही हेच म्हणेन. ते गाणं ऐन पावसाळ्यात लावलं तरी घरात उन्हाळा येतो.

शिवाय गाणं ही तिथे कालची गोष्ट नाही. फ्रेडी आगिलार यांचं ‘अनाक’ १९७८चं. अनाक म्हणजे अपत्य. ज्या महोत्सवात ते पहिल्यांदा गायलं गेलं तिथे ते जिंकलं नाही, जगभर मात्र गेलं. आणि १९८७मध्ये कोराझोन अकिनो राष्ट्राध्यक्ष असताना सरकारी आदेशच निघाला, की गाणी वाजवणाऱ्या रेडिओ स्टेशननं तासाला किमान चार गाणी देशी रचनांची लावायची. आपल्या मुंबईच्या एफएमवाल्यांना कुणीतरी हे वाचून दाखवा.

भाषा कळत नाही, मग नुसत्या चालीवर किती दिवस ऐकणार? – एक वाचक, नाशिक रोड

मलाही असंच वाटायचं. एकदा इंजिनाचं तेलपाणी बघणारा ऑइलर पोरगा कंट्रोल रूममध्ये पडेल चेहऱ्यानं बसला होता. काय झालं विचारलं, तर म्हणाला, “सेकंड, ती पाआसा निघाली.” (सेकंड म्हणजे मी, सेकंड इंजिनीअर.) पाआसा म्हणजे काय? तर तिनं महिनोन्‌महिने गोड बोलून झुलवलं आणि लग्न दुसऱ्याशी केलं. तागालोगमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत, ‘आसा’ म्हणजे आशा, आपलीच, संस्कृतातून गेलेली. आणि ‘पाआसा’ म्हणजे आशेला लावणारा किंवा लावणारी. मी उडालोच. मराठीत याला आपण दुसरं काय म्हणतो?

तेव्हापासून नाद लागला. ‘गुरो’ म्हणजे शिक्षक. ‘मुक्हा’ म्हणजे चेहरा. ‘साक्सी’ म्हणजे साक्षीदार. ‘दुक्हा’ म्हणजे गरीब, म्हणजे आपलं दुःख तिकडे जाऊन गरिबी झालं; यात अर्थ फार लांब गेला असं काही मला वाटत नाही. सगळ्यात मजा ‘महाल’ची. ‘महाल किता’ म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. पण बाजारात ‘महाल’ म्हणजे महाग! मूळ संस्कृत ‘महार्घ’, तेच मलायी भाषेतून तिकडे पोचलं असं सांगतात. आपला ‘महाग’ही त्याच मुळाचा. फक्त आपण प्रेम महागात पडल्यावर हा शब्द काढतो, ते आधीच सांगून टाकतात.

मनिलात एकदा अर्ध्या दिवसाची शोअर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर उतरायची सुटी, मिळाली. बाकीचे मॉलमध्ये गेले, मी राष्ट्रीय संग्रहालयात लागुना प्रांतातला ताम्रपट बघायला गेलो. १९८९मध्ये तो उजेडात आला. काळपट, चुरगळलेला पत्रा, वहीच्या पानाएवढा. लिपी जुनी जावानीज, मला ओ की ठो कळेना. शेजारच्या माहितीत पहिली ओळ वाचली: स्वस्ति, शक वर्ष ८२२, वैशाख मास, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. आपल्या देवघरातल्या पंचांगाची भाषा मनिलाच्या काचेच्या पेटीत! रखवालदार दोनदा येऊन बघून गेला की हा माणूस इथून हलत का नाही.

आणखी एक. तागालोगमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ दोघांनाही एकच शब्द, ‘सिया’. मराठी गीतकाराला ‘थांबलो’ की ‘थांबले’ हे ठरवल्याशिवाय ओळ पुढे सरकवता येत नाही. त्यांना ती अडचणच नाही. म्हणून आमचा पंचावन्न वर्षांचा बोसन कुठल्याही मुलीचं विरहगीत डोळे मिटून गायचा आणि कुणी हसायचं नाही.

ऐकायला सुरुवात ‘मुल्तो’पासून करा. कप ऑफ जो हा बँड बागिओचा, ते लुझोन बेटावरच्या डोंगरातलं थंड हवेचं गाव. गाणं २०२४चं. मुल्तो म्हणजे भूत, स्पॅनिश ‘मुएर्तो’वरून आलेलं. भूत कुणाचं, हे सांगायला नको. २०२५मध्ये ते बिलबोर्डच्या जागतिक २०० गाण्यांच्या यादीत गेलं. पण मी यादीसाठी सांगत नाहीये. त्यातला गाणारा झपाटला गेलाय आणि त्याला मांत्रिक नकोय, हे शब्द न कळताही कळतं.

गाणी झाली, पाहायला काय? – एक वाचक, डोंबिवली

‘त्रेसे’ पाहा, २०२१ची ॲनिमेशन मालिका. मनिलातली भुतंखेतं आणि त्यांची प्रकरणं निस्तरणारी एक मुलगी. आपल्या हडळी-मुंज्यांवर असं काही कुणी करत नाही याचं वाईट वाटेल. ‘मारिया क्लारा आत इबारा’ मिळाली तर तीही. आजच्या काळातली नर्सिंगची विद्यार्थिनी होसे रिझाल यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीत जाऊन पडते आणि तिथल्या बायकांना प्रश्न विचारायला लागते. कल्पना झकास, भाग मात्र शंभरावर. मी मधले पुष्कळ ढकलले.

माझा मुलगा पहिल्यांदाच जहाजावर गेलाय. बरोबरचे बहुतेक फिलिपिनो. म्हणतो, सप्टेंबर लागताच इथे ख्रिसमस सुरू झाला. थट्टा करतोय का? – एक आई, उरण

नाही ताई, खरं सांगतोय. ज्या महिन्यांच्या शेवटी ‘बर’ येतं ते सगळे त्यांचे नाताळाचे. एक सप्टेंबर उजाडला की होसे मारी चान या गायकाचं १९९०चं नाताळगीत सुरू होतं ते चार महिने थांबत नाही. माझ्या केबिनमध्ये मोबाइलवर आरत्या, पलीकडे मेसमध्ये चान, आणि मधल्या पॅसेजमध्ये दोन्ही मिळून जे काही व्हायचं ते. गणपतीच्या दिवशी चीफ कुकनं विचारून विचारून उकडीचे मोदक केले होते. पाऱ्या फुटल्या, पण सारण अप्रतिम. त्यांच्याकडे नारळ-गुळाचं वावडं नाही.

तुम्ही एक गाणं ऐकाच. एसबी नाइंटीनचं ‘मापा’, २०२१चं, त्यांच्यातल्या पाब्लोनं लिहिलेलं. मापा म्हणजे नकाशा. पण इथे ‘मामा’ आणि ‘पापा’ जोडूनही तो शब्द झालाय. मुलगा आईवडिलांना म्हणतो, आता तुम्ही जरा टेका, पुढचं मी बघतो. त्या वर्षी कोरोनामुळे क्रू बदलता येत नव्हता. माझं सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट दहावर गेलं होतं, जेवण वाढणाऱ्या मेसमनचं नऊचं तेरावर. तेवीस वर्षांचं पोरगं. इंटरनेटचा महिन्याचा कोटा मोजून मिळायचा, तो त्यानं हे एक गाणं उतरवण्यात आणि आईला पाठवण्यात घालवला. मग चार दिवस रोज नाश्त्याला अंडं वाढताना मला विचारायचा, “सेकंड, तुमच्याकडे डेटा आहे का? आईनं ऐकलं का ते बघायचंय.” पाचव्या दिवशी माझ्या फोनवरून बघितलं. आईनं आवाज पाठवला होता, नऊ सेकंदांचा. त्यानं तो कानाला लावला, फोन परत दिला आणि ताटं उचलायला लागला. काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

तुमच्या मुलाला विचारा, त्याच्या मेसमध्ये ‘मापा’ कोण लावतं. आणि मशीननं त्याला स्वतःला किती मार्क दिले तेही. ६८च्या वर असतील तर मला कळवू नका.