डाव्या हाताचा उन्हाळा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परीक्षा संपली त्याच संध्याकाळी तू बास्केटबॉल घेऊन कोर्टवर हजर होतीस, असं वॉचमनकाकांनी सांगितलं. विभागीय सामना हातचा गेल्यापासून तुझ्या मनात काय चाललंय याची मला कल्पना आहे. पुढचं वर्ष सतरा वर्षांखालच्या गटातलं तुझं शेवटचं, त्यात दहावी. म्हणून या उन्हाळ्यात जास्तीत जास्त खेळून घ्यायचं, असं तू ठरवलं असणार. म्हणूनच हे पत्र सविस्तर लिहिते आहे. तोंडी सांगितलं तर तू मान हलवशील आणि मनातलंच करशील.

सर्वांत आधी, आजपासून दोन आठवडे बॉलला हात लावायचा नाही.

मागच्या दोन स्पर्धांत प्रत्येक टाइमआउटला तू डाव्या गुडघ्याची वाटी दाबत होतीस. वाटीच्या खाली जिथे हाडाला थोडा उंचवटा लागतो, तिथे दुखतं ना? वाढीच्या वयात सतत उड्या मारणाऱ्या मुलामुलींना तिथे हमखास दुखतं. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा ताण त्याच जागी येतो आणि तिथलं हाड अजून कच्चं असतं. बर्फ लावून, पट्टा बांधून खेळत राहिलं तर दुखणं रेंगाळतं. उड्या थांबवल्या तर बहुतेक वेळा आपोआप उतरतं. दोन आठवड्यांनीही जिना उतरताना दुखलं तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं, मगच कोर्टवर यायचं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर वाढत्या वयाच्या खेळाडूंना वर्षातले एकूण तीन महिने आपल्या मुख्य खेळापासून सुट्टी घ्यायला सांगितलं आहे, एकेक महिना करून घेतली तरी चालेल. मी तुझ्याकडून सध्या दोनच आठवडे मागते आहे.

या दोन आठवड्यांत घरी बसून राहा असं मात्र मी म्हणत नाही. पोहायला जा. गुडघा साथ देईल तसं सायकल चालव. पुढे दुखणं गेलं की मैदानावर पोरी खो-खो खेळतात त्यांच्यात घूस. हकीम ओलाजुवान नायजेरियातल्या लागोसमध्ये पंधरा वर्षांचा होईपर्यंत हँडबॉल खेळायचा आणि फुटबॉलमध्ये गोलकीपर होता. बास्केटबॉल त्याने त्यानंतर धरला. पुढे एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, त्याच्या ज्या पायांचं एवढं कौतुक झालं, ते तयार झाले या दुसऱ्या खेळांत. आणि आपला खेळ जन्मला तोच मुळी दोन मोसमांमधल्या रिकाम्या काळासाठी. 1891 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये अमेरिकन फुटबॉल संपलेला, बेसबॉल अजून दूर, आणि जिममधल्या त्याच त्या कवायतींना कंटाळलेली पोरं. त्यांच्यासाठी जेम्स नेस्मिथने पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ बसवला. मोकळ्या काळात काहीतरी वेगळं करून बघावं, ही गोष्ट बास्केटबॉलच्या मुळातच आहे.

आता मुख्य मुद्दा. सुट्टीत रोज किती तास खेळू, असं तू विचारलं होतंस. तासांचा हिशोब आपण नंतर करू. या सुट्टीत तुझ्या खेळात काय बदलायचं, ते आधी ठरवायला हवं. मोसमात आपण आहे तेच वापरतो. नवं काही करायला गेलं तर आधी खेळ बिघडतो, आणि बिघडलेला खेळ घेऊन सामन्यात उतरायची कोणाची हिंमत होत नाही. कोच म्हणून मीही उतरू देत नाही. बिघडायची मुभा फक्त आत्ता आहे.

लांबून शॉट मारण्यासाठी गाजलेल्या स्टीफन करीचं उदाहरण तुला माहीत असेल, पण नीट ऐक. शाळेत असताना तो बारीक, बुटका. ताकद पुरत नसल्यामुळे बॉल कमरेजवळून फेकायचा. बॉल जात होता, पण पुढे उंच डिफेंडर आले की तो शॉट सुटणारच नाही, हे त्याच्या वडिलांना दिसत होतं. डेल करी स्वतः सोळा मोसम एनबीए खेळलेले. त्यांनी सुट्टीत मुलाचा शॉट पार मोडून नव्याने बांधायला घेतला, बॉल कपाळाच्या वरून सोडायला लावला. त्या उन्हाळ्यात कित्येक दिवस करीला लांबून शॉट मारताच येत नव्हता. तो उन्हाळा फार त्रासाचा गेला, असं त्याने नंतर सांगितलं आहे. आज जगभरातली पोरं जो शॉट बघून शिकतात, तो त्या सुट्टीतला आहे. लेब्रॉन जेम्सनेही 2011 ची एनबीए फायनल डॅलस संघाकडून हरल्यावर हेच केलं. तोपर्यंत तो दोनदा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. तरी त्या सुट्टीत तो ह्यूस्टनला याच ओलाजुवानकडे रिंगजवळचा खेळ शिकायला गेला. पुढच्या वर्षी त्याच्या मायामी संघाने विजेतेपद मिळवलं.

तुझ्यात बदलायची गोष्ट एकच आहे, डावा हात. विभागीय सामन्यात दुसऱ्या क्वार्टरपासून त्यांची ती पिवळ्या हेअरबँडवाली मुलगी तुझ्या उजव्या खांद्यासमोर ठाण मांडून उभी राहिली आणि डावी बाजू तिने तुला सताड मोकळी सोडली. तू डावीकडून आत गेलीस, रिंग समोर होती, आणि शेवटच्या क्षणी बॉल उजव्या हातात घेतलास. तिला तेवढंच हवं होतं. पुढच्या वर्षी प्रत्येक संघ तुला असंच खेळवणार. जिल्ह्यातल्या कोचना हे कळून चुकलं आहे.

ले-अप, म्हणजे पळत येऊन रिंगजवळ उडी मारून टाकलेला शॉट. डाव्या हाताचा ले-अप म्हणजे आधी पाय. बॉल बाजूला ठेवून दे. रिंगच्या डाव्या बाजूला दोन पावलांवर उभी राहा. डावं पाऊल, उजवं पाऊल, उजव्या पायावर उडी, आणि उडताना डावा गुडघा आणि डावा हात एकदम वर. दोघंही एका दोरीने बांधल्यासारखे वर गेले पाहिजेत. आधी चालत कर, मग हळू धावत. पाय न अडखळता पडायला लागले की बॉल घे. बोर्डवरच्या चौकोनाचा डावीकडचा वरचा कोपरा बघ आणि बॉल तिथे ठेव. फेकायचा नाही, ठेवायचा. पहिला आठवडा बॉल कुठेही जाईल, बोर्डच्या मागेसुद्धा जाईल. शेजारी खेळणारी पोरं हसतील. हसू देत. तू उजव्या हातावर जाऊ नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे. रोज पन्नास ले-अप डाव्या हाताने, आणि पन्नासातले किती गेले ते वहीत लिहायचं. आकडा खोटा लिहू नकोस, मी रागावणार नाही.

घरीही काम आहे. दात डाव्या हाताने घास, वरण डाव्या हाताने वाढ, दाराची कडी डाव्या हाताने काढ. डाव्या हाताने ड्रिबल करताना उजव्या हातात टेनिसचा चेंडू घेऊन तो वर फेकून झेलायचा. नजर आपोआप बॉलवरून उठते. नजर उठली की पास दिसतो, आणि तुझे निम्मे टर्नओव्हर, म्हणजे समोरच्या संघाला बॉल गमावणं, नजर खाली असल्यामुळे होतात.

शॉटबद्दल फार लिहीत नाही, तुझा शॉट चांगला आहे. रिंगपासून हातभर अंतरावर उभं राहून एका हाताने पंचवीस शॉट मारल्याशिवाय मागे सरकायचं नाही, आणि तीन पॉइंटच्या रेषेवरून सुट्टीभर शॉट मारायचे नाहीत. 6.75 मीटरवरून बॉल पोहोचवायला तू अजून खांदा झटकतेस, त्याने जवळचा शॉटही बिघडतो. फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट, मात्र दमल्यावरच मार. कोर्टच्या दोन फेऱ्या पळून, छाती धपापत असताना दोन फ्री थ्रो, पुन्हा दोन फेऱ्या. सामन्यात ते आरामात उभं राहून कधीच मिळत नाहीत.

ताकदीचं. आपल्याकडे जिम नाही म्हणून अडत नाही. बैठका, जोर, पाठ सरळ ठेवून प्लँक. गुडघा शांत झाला की दोरीउड्या आणि एका पायावरच्या बैठका. आणि तेव्हाच आणखी एक गोष्ट न चुकता कर, कारण मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते आणि बऱ्याचदा ती उडीवरून खाली येताना होते. घराच्या पायरीवरून दोन्ही पायांवर खाली उडी मार आणि लहान भावाला समोरून मोबाइलवर शूटिंग करायला सांग. खाली येताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का बघ. झुकत असतील तर पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून, कंबर मागे घेऊन, आवाज न करता उतरायला शीक. महिनाभर हे केलंस तर मला तुझ्याविषयीची निम्मी काळजी राहणार नाही. वजनं उचलली की उंची खुंटते असं आजी म्हणते ना? तसं होत नाही. पण शिकवणारं माणूस समोर असल्याशिवाय वजनांना हात लावू नकोस.

वेळ पहाटेचीच. नागपूरच्या मे महिन्यात आठनंतर सिमेंटच्या कोर्टवर उभं राहणं म्हणजे आजाराला आमंत्रण. साडेपाचला सुरू, सातला बंद. आठवड्यातून पाचच दिवस. निघण्यापूर्वी पाणी, सोबत मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, घरी आल्यावर पन्हं. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, अंगावर काटा आला तर त्या दिवशी तिथेच थांबायचं आणि सावलीत बसायचं. आईला सांगून एकदा हिमोग्लोबिन तपासून घे. चौथ्या क्वार्टरला तुझे पाय जड होतात त्यामागे सराव कमी पडतो असंच नाही, पाळी सुरू झालेल्या मुलींत लोह कमी असणं फार सर्रास आढळतं. मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या, गुळ-शेंगदाणे रोज खा, त्यावर लिंबू पिळ. अंडी चालत असतील तर अंडी. चहा जेवणाबरोबर घेऊ नकोस. गोळ्या घ्यायच्या की नाही ते डॉक्टर सांगतील.

आणि झोप. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अकरा बास्केटबॉल खेळाडूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला लावलं, तर त्यांचे फ्री थ्रो आणि तीन पॉइंटचे शॉट दोन्ही सुमारे नऊ टक्क्यांनी सुधारले, असा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. तू रात्री एकपर्यंत मोबाइलवर हायलाइट्स बघतेस. त्यापेक्षा संध्याकाळी एक पूर्ण सामना बघ आणि त्यात एकाच पॉइंट गार्डवर, म्हणजे खेळ पुढे नेणाऱ्या खेळाडूवर, नजर ठेव, विशेषतः तिच्या हातात बॉल नसताना.

शिबिरांच्या जाहिराती येतील. जिथे एका रिंगखाली तीस-चाळीस मुलं रांगेत उभी असतात तिथे फी भरू नका असं बाबांना माझ्या वतीने सांग. अर्धा तास रांगेत उभं राहून चार ले-अप मिळतात.

राहिली दहावी. व्हेकेशन बॅच मेमध्ये सुरू होते हे मला माहीत आहे, आणि आईला तुझा खेळ एक वर्ष बंद करायचा आहे हेही. मी त्यांच्याशी बोलेन, पण आधी तू बोल. रडून, रुसून नाही. पहाटेचा दीड तास, क्लासची वेळ, घरचा अभ्यास आणि झोप, असं वेळापत्रक कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव आणि महिनाभर ते पाळून दाखव. भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलेली शिरीन लिमये पुण्याची, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातली. आपल्याकडच्या मुलींना हा रस्ता बंद नाही, पण दहावीच्या वर्षात फार मुली खेळ सोडतात आणि सोडलेल्या सहसा परत येत नाहीत. तू त्यांच्यात जावंस असं मला अजिबात वाटत नाही. मार्क कमी पडावेत असंही नाही.

दोन आठवडे झाले की सोमवारी पहाटे साडेपाचला ये. वही आण, आणि गुडघ्याचं खरं सांग. पहिल्या दिवशी बॉल मी माझ्याकडेच ठेवणार आहे, फक्त पायांचं काम करू.

तुझी,
मॅडम