पुणे की नाशिक ते नंतर, आधी दाखला वाचा

ताई, दोन मुलं, घरून काम, मुंबई सोडायचीच आणि पुणे, नाशिक, कोल्हापूर यांत अडकलेली गाडी. तुमची पोस्ट वाचून 2022 सालचे आम्हीच आठवलो. आम्ही नाशिक निवडलं. भाडी, शाळा, दवाखाने यांची तुलना तुम्ही केलीच असेल, त्यात शिरत नाही. आमचं घोडं पेंड खायला लागलं ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर.

मुलगा तेव्हा चौथीत जाणार होता. मुंबईच्या जुन्या शाळेतून दाखला घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि टेम्पोत सामान भरायला पळालो. नाशिकच्या शाळेतल्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, “जन्मतारीख नक्की कुठली?” अंकी 12, अक्षरी ‘एकवीस’. जन्मदाखला, आधार, सगळीकडे 12. फक्त त्या एका ओळीत क्लार्कचा हात घसरलेला.

जुनी शाळा म्हणाली, मुलाचं नाव आता पटावर नाही, दुरुस्तीला वरची मंजुरी आणा. वरचं कार्यालय म्हणालं, शाळेचं पत्र आणा. पत्र नेलं तर त्यावर जावक क्रमांक नाही. तो घालून नेलं तर साहेब मीटिंगला. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण टेबलावरच्या त्या गुलाबी फायली आजही डोळ्यांसमोर येतात. पहाटे उठून नाशिकरोडहून मुंबईची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, संध्याकाळच्या पंचवटीने हात हलवत परत. अशा पाच खेपा. तोवर मुलगा वर्गात ‘तात्पुरता’. हजेरीत त्याचं नाव सगळ्यात शेवटी, पेन्सिलीने लिहिलेलं. तो विचारायचा, माझं नाव खोडणार आहेत का?

म्हणून सांगते, दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, सगळं आधारशी ताडून. खरं तर मूल पटावर असतानाच शाळेच्या जनरल रजिस्टरमधली (मुलांच्या मूळ नोंदवहीतली) नोंद बघून घ्या. एकदा शाळा सोडली की दुरुस्ती मुख्याध्यापकांच्या हातात राहत नाही. शिवाय यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर जुनी शाळा मुलाला ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकत नाही तोवर नव्या शाळेला त्याला ओढून घेता येत नाही. त्या पोर्टलवरचा मुलाचा कायमचा ओळख क्रमांक, म्हणजे ‘पेन’ (PEN), लिहून घ्या.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. आमची शाळा विनाअनुदानित, त्यामुळे तिथे हा मुद्दा लंगडा पडला. (मी वकील नाही, अनुभवावरून लिहितेय. तुमच्या शाळेत विचारून घ्या.)

शहराचं म्हणाल तर माझं मत एकतर्फी आहे. पुण्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकच्या रांगेत परत आयुष्य घालवायचं तर मुंबई काय वाईट होती? कोल्हापूर मला फार आवडतं, पण घर घेताना पंचगंगेची पूररेषा बघा, 2019 आणि 2021 विसरू नका. नाशिकला 2027 च्या कुंभमेळ्यापर्यंत रस्त्यांची कामं सोसावी लागतील. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून इगतपुरीच्या पुढे मुंबईकडे जाणं मात्र सोपं झालंय.

आणि घर बघायला दिवाळीत येऊ नका, तेव्हा सगळीच शहरं छान दिसतात. मे महिन्यात दुपारी या, आणि सोसायटीच्या वॉचमनला विचारा, टँकर आठवड्यातून किती येतात.