वाचक विचारतात : पावसाळी प्रवास, डोंगर आणि कॅमेरा

पाऊस जोर धरतो तशी या सदराकडे येणारी पत्रंही वाढतात. ‘कोणता फोन घेऊ?’ हा प्रश्न या वेळी बाजूला ठेवला आहे. त्याचं उत्तर दर तीन महिन्यांनी बदलतं, डोंगर तिथेच असतो.

गणपतीला कोकण रेल्वेने कणकवलीला जातो. खिडकीतून काढलेल्या फोटोंत आमचेच चेहरे दिसतात आणि बाहेरची झाडं फरफटलेली येतात. कोणत्या बाजूची खिडकी घ्यावी? (डोंबिवली)

मुंबईहून निघताना डावी खिडकी पूर्वेची, म्हणजे सह्याद्रीकडची. उजवी समुद्राकडची, पण गाडीतून समुद्र फारसा दिसत नाही. दिसतात त्या खाड्या, भातखाचरं आणि कौलारू वाड्या. पहाटेच्या गाडीने गेलात तर सकाळभर ऊन डावीकडून येतं. उजेड डोंगरांच्या मागून येतो आणि ते फिकट निळे दिसतात. त्या वेळी उजवीकडची शेतं जास्त चांगली येतात. दुपार टळली की हेच उलटं होतं. आभाळ गच्च भरलेलं असेल तर कुठलीही बाजू घ्या.

आता फरफटीचं. गाडी ताशी ७५ किलोमीटरने धावत असेल तर सेकंदाला सुमारे २१ मीटर पुढे जाते. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात गाडी ३५ सेंटिमीटर सरकते, १/१००० ला फक्त २ सेंटिमीटर. दोन किलोमीटरवरच्या डोंगराला या ३५ सेंटिमीटरने काही होत नाही. फरफटतं ते रुळाजवळचं गवत, कुंपण, खांब. म्हणून फोनच्या ‘प्रो’ मोडमध्ये शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवा, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनक्षमता) ऑटोवर राहू द्या. त्याहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे जवळ काहीच नसेल अशी जागा आली की बटण दाबा. उंच भराव आणि पूल त्यासाठीच. रत्नागिरी सोडल्यावर निवसरच्या अलीकडे पानवल नदीचा पूल लागतो. उंची ६४ मीटर, खाली नुसती दरी. तिथे हातात काही सेकंदच मिळतात, म्हणून रत्नागिरी स्टेशनातच फोन तयार ठेवा. रत्नागिरीच्या अलीकडे उक्षी आणि भोके यांच्यामध्ये करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. त्यातून बाहेर पडताच फोटो काढलात तर तो पांढराफटक येतो, कारण फोन अजून अंधारातच असतो. एक-दोन सेकंद थांबा.

काचेतल्या चेहऱ्यांचा इलाज घरगुती आहे. काळी ओढणी किंवा काळा टी-शर्ट फोनभोवती धरा आणि डोक्यावरचा दिवा बंद करा. लेन्स काचेच्या जवळ न्या, पण फोन काचेला दाबू नका, डब्याची थरथर थेट त्यात उतरते. मध्ये एक बोट ठेवा. एसी डब्याची काच दुहेरी असते. तिरकं धरलंत तर दोन काचांमधलं प्रतिबिंब कपड्यानेही जात नाही, म्हणून काचेसमोर सरळ धरा. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावणाऱ्यांनी आधी एक फोटो काढून तपासावा. कडक केलेल्या काचेतून त्याने इंद्रधनुषी पट्टे उमटतात.

काचेवर थेंब असले की फोकस त्यांच्यावरच जाऊन बसतो. स्क्रीनवर दूरच्या डोंगरावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईपर्यंत. स्लीपरमध्ये गजांतून फोन बाहेर काढायचा असेल तर दोरी मनगटाला बांधलेली हवी. दाराच्या पायरीवर मात्र नाही. तो रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि सिग्नलचे खांब कुणासाठी बाजूला होत नाहीत.

आंबोलीत धुकं डोळ्यांना पांढरंशुभ्र दिसत होतं, फोटोत राखेसारखं आलं. कॅमेऱ्यात बिघाड आहे का? (बेळगाव)

बिघाड नाही. कॅमेरा समोरचं सगळं सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढरं धुकं त्याला ‘जास्त उजेड’ वाटतो, म्हणून तो ते दाबून करडं करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, +०.७ ते +१ वर न्या. फोनमध्ये बोट टेकवलं की शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते वर सरकवा. पण दाट धुक्यात नुसतं धुकंच असेल तर फोटोतही काही नसणार. जवळ एखादं काळं खोड, जांभ्याची भिंत, छत्री धरलेला माणूस असं काहीतरी गडद घ्या. धुकं किती दाट आहे ते त्याच्यामुळेच कळतं.

गाडीतून उतरलो की लेन्सवर वाफ धरते. शिवाय गेल्या वर्षीच्या लेन्समध्ये बुरशीचे धागे दिसतायत. (चिपळूण)

दोन्हीचं मूळ एकच, दमटपणा. पावसाळ्यात घाटमाथ्यावरची हवा ओलाव्याने जवळजवळ भरलेली असते. तिच्यापेक्षा जरा थंड काहीही आलं की त्यावर पाणी सुटतं. एसीतून बाहेर आलेली लेन्स म्हणजे फ्रिजमधून काढलेला तांब्याच. पोचायच्या २० मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडा. ते जमत नसेल तर कॅमेरा झिप असलेल्या पिशवीत बंद ठेवून बाहेर न्या आणि अर्ध्या तासाने पिशवी उघडा. पाणी पिशवीच्या बाहेरून सुटेल, लेन्सवर नाही. पुसत बसू नका. पुसलेली काच पुन्हा धरते, आणि सदऱ्याने पुसली तर वर तेलकट फराटे उमटतात.

बुरशीसाठी रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. ६० च्या वर फार दिवस राहिला तर बुरशीला मोकळं रान, आणि ३० च्या खालीही नको, वंगण आणि रबर सुकतं. नारिंगी जेल हिरवं पडलं की ओलावा भरला असं समजा. वेगळ्या ठेवलेल्या जुन्या कढईत मंद आचेवर रंग परत येईपर्यंत तापवा. निळे दाणे मात्र स्वयंपाकघरात आणू नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. चामड्याचं कव्हर डब्यात ठेवणं म्हणजे बुरशीला पाट मांडणं. आता आत दिसतायत ते धागे बाहेरून पुसून जाणार नाहीत. ती लेन्स दुरुस्तीला द्या आणि तोवर इतर लेन्सपासून दूर ठेवा.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र, म्हणजे ढगावर उमटणारं रंगीत गोल कडं, दिसतं म्हणतात. संध्याकाळी तीन वेळा गेलो, दिसलं नाही. (नाशिक)

संध्याकाळी दिसणार कसं? कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. इंद्रवज्रासाठी सूर्य पाठीशी हवा आणि समोर, तुमच्या खालच्या बाजूला, ढग हवा. कड्यावर हे जुळतं ते सकाळी, ऊन पाठीमागून येऊन दरीत भरलेल्या ढगावर पडतं तेव्हा. आपली सावली ढगावर शोधा. रंगांचं गोल कडं डोक्याच्या सावलीभोवती असतं आणि प्रत्येकाला ते स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. म्हणून गटात कुणाचं खोटं नाही. ढग सरकला की कडं विरतं, तेव्हा लेन्स बदलत बसू नका. एक्स्पोजर अर्धा स्टॉप (–०.५) कमी ठेवा, म्हणजे रंग धुऊन जात नाहीत. कड्याच्या टोकाकडे पालथं पडून सरका, उभ्याने नाही. पावसात तिथला कातळ शेवाळलेला असतो.

कासला फुलांच्या गालिच्याचा फोटो हवा असतो, पण येतो तो नुसता रंगीत ठिपक्यांचा. (पुणे)

कारण सगळे उभ्याने, वरून काढतात. फोन उलटा करा, म्हणजे लेन्स जमिनीलगत येईल. मग पायवाटेच्या कडेचं एक फूल मोठं दिसतं आणि मागचा गालिचा दाटतो. सीतेची आसवं जेमतेम वितभर असतात, त्यांच्यापुढे वाकण्याशिवाय इलाज नाही. पाऊल मात्र वाटेबाहेर टाकू नका. जांभ्यावर मातीचा थर पातळ आहे, एका बुटाखाली पुढच्या वर्षीचं बीही दबतं. भर दुपारचं ऊन टाळा, पातळ ढग असलेली सकाळ उत्तम. वारा असेल तर शटर १/५००. निघण्यापूर्वी बुकिंगची चौकशी करा. सुट्टीच्या दिवशी ऐनवेळी जाऊन परत फिरणारे बरेच असतात.

ओल्या हाताने टचस्क्रीन चालत नाही. (पनवेल)

आवाजाचं बटण दाबा, फोटो निघतो. आणि चार्जिंगचं छिद्र कोरडं होईपर्यंत केबल लावू नका.

फोटो काढण्याच्या नादात बघायचंच राहून जातं, अशी घरच्यांची तक्रार आहे. (ठाणे)

तक्रार रास्त आहे. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी संग्रहालयात केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे अख्खे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या. पण जिच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला, ती वस्तू तशी विसरली गेली नाही. सह्याद्रीत हे वापरता येतं. पोचल्यावर पहिली दहा मिनिटं फोन खिशात. मग ‘सगळा धबधबा’ नको. पाणी पहिल्यांदा कुठल्या खडकावर आपटतं तेवढंच घ्या. पाणी गढूळ झालं किंवा पालापाचोळा वाहून येऊ लागला तर फोटो सोडून आधी प्रवाहातून बाहेर या, वर जोराचा पाऊस झालेला असतो. रात्री मुक्कामावर २०० फोटोंचे २० करा; घरी परतल्यावर ते कुणी करत नाही. आणि निघताना अर्धा मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करा. तेव्हा छत्री मिटा, नाहीतर ऐकू येतील ते छत्रीवरचेच थेंब.